आर्गॉन पोटॅशिअमच्या आधी का?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी हयातभर शाळेत विज्ञान शिकवले. म्हणून विषय शाळेतलाच घेतला आहे. दहावीची परीक्षा दिलेल्या बहुतेकांनी एक प्रश्न कधी ना कधी सोडवलेला असतो : मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीतील त्रुटी लिहा. उत्तर पाठच असते. हायड्रोजनची जागा निश्चित नाही, समस्थानिकांना कुठे बसवायचे ते कळत नाही, कोबाल्ट आणि निकेल यांचा क्रम वस्तुमानाप्रमाणे लागत नाही. मुद्दे लिहायचे, गुण घ्यायचे, पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. माझे म्हणणे असे की, या सारणीतला सगळ्यात रसाळ भाग याच ‘त्रुटीं’मध्ये दडलेला आहे आणि आपण नेमका तोच उरकून टाकतो.

प्रयोगशाळेतल्या भिंतीवरचा तक्ता आठवा. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वरचा पूर्णांक, एकेकाने वाढत जाणारा : हायड्रोजन १, हेलियम २, लिथिअम ३. तो अणुअंक. खालचा बहुधा अपूर्णांकातला : १.००८, ४.००३, ६.९४, ९.०१. ते अणुवस्तुमान. वरचा आकडा शिस्तीत चालतो. खालचाही वाढत जातो, पण त्याच्या पायऱ्या लहानमोठ्या. बोट ठेवून वाचत गेलात तर अठराव्या घरापर्यंत काही खटकत नाही. अठरावे घर आर्गॉनचे, वस्तुमान ३९.९५. एकोणिसावे पोटॅशिअमचे, ३९.१०. आकडा चक्क खाली आला. पुढे सत्ताविसाव्या घरात कोबाल्ट ५८.९३ आणि अठ्ठाविसाव्यात निकेल ५८.६९. बावन्नावे टेल्युरिअम १२७.६०, त्रेपन्नावे आयोडिन १२६.९०. खाली नव्वदाव्या थोरिअमशीही तेच होते : थोरिअम २३२.०४, त्याच्या पुढचे प्रोटॅक्टिनिअम २३१.०४. बाकी सगळी सारणी वजनाच्या चढत्या क्रमाने लागते आणि या मोजक्या जोड्याच तेवढ्या उलट्या का बसतात? आजचे व्याख्यान एवढ्या एका प्रश्नावर आहे.

जुने रसायनशास्त्रज्ञ अणुभार म्हणत, अणूचे वजन म्हणत. आज आपण वस्तुमान म्हणतो. मी दोन्ही शब्द वापरीन, भौतिकशास्त्राच्या मंडळींनी तेवढे चालवून घ्यावे.

मुळात अणूचे वजन करायचे कसे? १८०८ साली जॉन डाल्टनने आपल्या पुस्तकात अणूंची सापेक्ष वजने दिली, तेव्हा एकही अणू कुणी पाहिलेला नव्हता, तोलणे तर दूरच. तराजू सांगतो ते एवढेच की, पाण्यात एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन असतो. (डाल्टनच्या हातात आलेला आकडा सातच्या आसपास होता, त्या काळची मोजमापे तशीच.) आता पाण्याच्या रेणूत एकास एक अणू असतील तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट. दोनास एक असतील तर सोळापट. यातले खरे कोणते, हे तराजू सांगू शकत नाही. डाल्टनने सगळ्यात साधा पर्याय धरला : एकास एक. आज आपल्याकडे चौथीतले पोरही एच-टू-ओ म्हणते, पण त्या ‘टू’वर पन्नास वर्षे भांडणे चालली होती. कुणाचा कार्बन ६, कुणाचा १२. कुणाचा ऑक्सिजन ८, कुणाचा १६. केकुलेने १८६१ साली आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबटपणाची, तेव्हा प्रचलित असलेली एकोणीस सूत्रे एका पानावर मांडून दाखवली. पदार्थ एक, सूत्रे एकोणीस. अशा वातावरणात अणूंना वजनाप्रमाणे रांगेत उभे करण्याची कल्पना कुणाला सुचली असती, तरी रांग कुणाच्या वजनांची, हा प्रश्न होताच.

हा गोंधळ निस्तरायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ तीन दिवसांसाठी जमले. परिषदेने ठराव असा काही केला नाही. मात्र इटलीचा स्तानिस्लाओ कॅनिझारो तिथे कळकळीने बोलला आणि निघता निघता त्याच्या पाव्हेझी नावाच्या मित्राने लोकांच्या हातात एक पुस्तिका ठेवली. कॅनिझारोची युक्ती अशी. अवोगाद्रोने म्हटलेच होते की, सारख्या तापमानाला आणि दाबाला, सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. तर मग कार्बनची वायुरूप होणारी जितकी संयुगे मिळतील तितकी घ्या. प्रत्येकाचे सारख्या आकारमानाचे वजन करा आणि त्यात कार्बनचा वाटा किती ते काढा. हायड्रोजनच्या अणूच्या मापात तो वाटा कुठे १२ येतो, कुठे २४, कुठे ३६. सहा कधीच येत नाही, अठराही येत नाही. मग कार्बनचा अणू १२ चा, वाद मिटला. तराजू जे सांगू शकत नव्हता ते त्याने वायूंच्या घनतेकडून वदवून घेतले. परिषदेला आलेल्यांत सव्वीस वर्षांचा एक रशियन तरुण होता, दिमित्री मेंडेलीव्ह, आणि एक जर्मन, लोथार मायर. पुढच्या दहा वर्षांत दोघांनीही आवर्तसारणी मांडली, हा योगायोग नव्हे. वजने एकदाची भरवशाची झाली होती.

डोबेरायनरची त्रिके त्याआधीची. लिथिअम ७, सोडिअम २३, पोटॅशिअम ३९. मधला बरोबर सरासरीचा. पण सगळी मूलद्रव्ये तिघातिघांत बसेनात. न्यूलँड्सने १८६५ साली अष्टकांचा नियम सांगितला : वजनाप्रमाणे मांडत गेले की, आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते, सप्तक संपून पुन्हा वरचा सा लागावा तसे. लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने हे वाचले तेव्हा एका सभासदाने विचारले की, मूलद्रव्ये अकारविल्हे लावून पाहिलीत का. टोमणा क्रूर होता, पण अगदीच अनाठायी नव्हता. न्यूलँड्सने जागा रिकाम्या ठेवल्या नाहीत, त्यामुळे कॅल्शिअमच्या पुढे गेल्यावर त्याच्या ओळीत भलतेच पाहुणे येऊन बसले. लोखंड, ऑक्सिजन आणि गंधक एका घरात.

मेंडेलीव्हचे वेगळेपण इथे आहे. तो वजने जुळवायला बसला १ मार्च १८६९ रोजी. त्या दिवशी त्याला चीज बनवणारे कारखाने पाहायला जायचे होते, आणि पहिली आकडेमोड त्याच संदर्भातल्या एका पत्राच्या पाठीवर आहे. त्याच्यापुढे ६३ मूलद्रव्ये होती. वजनाच्या क्रमाने मांडायचे आणि गुणधर्म परत आले की खाली नवी ओळ धरायची, हा सांगाडा मायरकडेही होता. पण वजन आणि गुणधर्म यांच्यात भांडण लागले तर कुणाची बाजू घ्यायची? मेंडेलीव्ह जवळजवळ प्रत्येक वेळी गुणधर्मांच्या बाजूने उभा राहिला. संयुजा किती, ऑक्साइड कसले, क्लोराइड उडून जाते का, स्फटिक कुणाच्या स्फटिकासारखे, हे तो आधी पाहायचा. वजन पटले नाही तर म्हणायचा, वजन चुकलेले आहे.

बेरिलिअमचे उदाहरण घेऊ. त्या काळी बहुतेक जण त्याचे ऑक्साइड ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडसारखे मानत, म्हणजे दोन अणू धातूचे आणि तीन ऑक्सिजनचे. तसे मानले की, अणुभार १४ च्या जवळ येतो आणि बेरिलिअम नायट्रोजनच्या शेजारी जाऊन बसते. एक धातू आणि एक वायू! मेंडेलीव्ह म्हणाला, ऑक्साइड मॅग्नेशिअमसारखे एकास एक धरा. अणुभार ९ येईल आणि लिथिअम व बोरॉन यांच्यामधली जागा भरेल. पुढे पंधरा वर्षांनी, १८८४ मध्ये, निल्सन आणि पेटर्सन यांनी बेरिलिअम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली आणि ९ वर शिक्कामोर्तब झाले. निल्सन आधी विरुद्ध पक्षातला होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

इंडिअमचे तसेच. सुरुवातीला ७५.६ धरलेले, म्हणजे आर्सेनिक (७५) आणि सेलेनिअम (७९) यांच्यामध्ये, जिथे जागाच नव्हती. मेंडेलीव्हने त्याची संयुजा दोनऐवजी तीन मानली, अणुभार ११३ झाला आणि ते कॅडमिअम आणि कथिल यांच्यामध्ये अलगद बसले. बुन्सेनने विशिष्ट उष्मा मोजून दुजोरा दिला. युरेनिअम तेव्हा १२० च्या आसपास मानत; त्याने सरळ दुप्पट करून २४० केले. आजचा आकडा २३८.०३. खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या प्रयोगांतले आकडे दुप्पट करायला धाडस लागते, उद्धटपणाही लागतो, आणि मेंडेलीव्हपाशी दोन्हींची वाण नव्हती.

मेंडेलीव्हने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी राखून ठेवलेल्या रिकाम्या घरांची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. एका-ॲल्युमिनिअम १८७५ मध्ये गॅलिअम म्हणून सापडले, एका-बोरॉन १८७९ मध्ये स्कँडिअम म्हणून, एका-सिलिकॉन १८८६ मध्ये जर्मेनिअम म्हणून. ‘एका’ हा आपला संस्कृतातला एक; त्यावर आपल्याकडे बरीच भाषणे झालेली आहेत, मी भर घालत नाही. गॅलिअमचा किस्सा तेवढा सांगतो. शोधणारा फ्रेंच शास्त्रज्ञ ल्कॉक द ब्वाबोद्रां. त्याने घनता मोजली ४.७. धातू डोळ्यांनीसुद्धा न पाहिलेल्या मेंडेलीव्हने कळवले की, ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली. ५.९ आली.

पण टेल्युरिअमने त्याला दगा दिला. आयोडिन हे क्लोरिन-ब्रोमिनचे भावंड, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही : तेच रंगीत बाष्प, सोडिअमबरोबर तसलेच मीठ. टेल्युरिअम गंधक-सेलेनिअमच्या घरचे. म्हणून टेल्युरिअम आधी, आयोडिन नंतर. वजने मात्र उलटी, टेल्युरिअम १२८ आणि आयोडिन १२७. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये १२८ पुढे प्रश्नचिन्ह टाकले आणि १८७१ च्या तक्त्यात सरळ १२५ छापले. बेरिलिअम, इंडिअम, युरेनिअममध्ये हीच चाल फळाला आली होती, मग इथे का येऊ नये? प्रागमधला त्याचा चाहता ब्राउनर कित्येक वर्षे टेल्युरिअम शुद्ध करत राहिला. वजन १२७ च्या खाली काही येईना. जागा बरोबर होती, वजनही बरोबर होते. दोन्ही एकाच वेळी बरोबर कशी, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात कुणाजवळ नव्हते. कोबाल्ट आणि निकेल यांची वजने इतकी जवळ की, मेंडेलीव्हने दोघांनाही ५९ देऊन वेळ निभावली.

मग आर्गॉन आला. मी त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

लॉर्ड रॅली वायूंच्या घनता बारकाईने मोजत होता. हवेतला ऑक्सिजन काढून टाकून उरलेल्या नायट्रोजनने त्याने काचेचा गोल भरला, वजन आले २.३१० ग्रॅम. रासायनिक संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनने तोच गोल भरला, २.२९९ ग्रॅम. फरक अकरा मिलिग्रॅमचा, अर्धा टक्का. आपल्यासारख्याने प्रयोगवहीत ‘प्रयोगातील चूक’ असे लिहून पान उलटले असते. रॅलीने १८९२ मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून विचारले की, याचा कुणाला उलगडा होतो का. विल्यम रॅमसेने हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशिअम नायट्रोजन खात गेले आणि शेवटी कशालाच दाद न देणारा थोडा वायू उरला. १८९४ मध्ये दोघांनी तो जाहीर केला. आपण आत्ता घेत असलेल्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का आहे, ०.९३ टक्के.

त्याची घनता हायड्रोजनच्या वीसपट, म्हणजे रेणुभार ४०. ध्वनीच्या वेगावरून रॅमसे-रॅलीने दाखवले की, याच्या रेणूत अणू एकच असला पाहिजे. मग अणुभारही ४०. आता आली पंचाईत. पोटॅशिअम ३९.१. आर्गॉनला त्याच्यानंतर ठेवले तर तो कॅल्शिअमच्या (४०.१) बाजूला जातो आणि सोडिअमखालचे पोटॅशिअम क्लोरिनशेजारी सरकते. मेंडेलीव्हला हा पाहुणा रुचला नाही. हे नवे मूलद्रव्य नसावे, नायट्रोजनचे तीन अणू जुळून झालेला रेणू असावा, त्याचे वजन ४२ येते, असे त्याने सुचवले. सारणीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने एका अख्ख्या गणाची वाट काही काळ अडवून धरली. रॅमसेने मात्र १८९५ मध्ये क्लीव्हाइट नावाच्या युरेनिअमच्या खनिजातून हेलियम काढला, १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्सबरोबर निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधले, आणि मग मेंडेलीव्हलाही या मंडळींसाठी वेगळा गण मान्य करावा लागला. आर्गॉन पोटॅशिअमच्या आधीच बसला, वजन काही का असेना.

हेलियमचे नाव निघाले म्हणून एक विषयांतर, कोकणातल्या मित्रांनी रागावू नये. दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो आणि नॉर्मन लॉकिअरने १८६८ चे ग्रहण तिथून पाहिले, असे सांगितले जाते. त्या दिवशीचे ग्रहण हिंदुस्थानातून दिसले हे खरे आणि फ्रान्सच्या जान्सेनने ते गुंटूरहून पाहिले, हेही खरे. लॉकिअर मात्र तेव्हा इंग्लंडातच होता; त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट २० ऑक्टोबरला लंडनमधून, ग्रहणाशिवायच पाहिला. हिंदुस्थानात तो पहिल्यांदा आला तो १८७१ च्या ग्रहणाला. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे रतीभरही कमी होत नाही; त्याला आंग्र्यांचे आरमार पुरेसे आहे. दुसरा एक दुवा मात्र पक्का आहे. रॅमसे १९००-०१ मध्ये हिंदुस्थानात आला होता तो जमशेटजी टाटांनी योजलेल्या विज्ञानसंस्थेविषयी सल्ला द्यायला. जागा म्हणून बंगळूरचे नाव त्याने सुचवले आणि संस्थेचा पहिला संचालक झाला तो ट्रॅव्हर्सच.

आता मोझली. हेन्री मोझली, मँचेस्टर, १९१३. वय पंचवीस. त्याआधी व्हॅन डेन ब्रूक नावाच्या डच गृहस्थाने सुचवले होते की, सारणीतला घराचा क्रमांक म्हणजेच अणूच्या केंद्रकावरचा धनप्रभार असावा. मोझलीला ते तपासायचे होते. त्याने एका लांब निर्वात नळीत रूळ टाकले, त्यांवर एक छोटी गाडी ठेवली, गाडीवर ओळीने धातूंचे तुकडे. पितळी रिळांना गुंडाळलेल्या, मासे पकडायच्या रेशमी दोरीने ती गाडी ओढायची, एकेक तुकडा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली आणायचा, निघणारे क्ष-किरण पोटॅशिअम फेरोसायनाइडच्या स्फटिकावर पाडायचे आणि पुढच्या काचेवर रेषा उमटवायच्या. कॅल्शिअमपासून जस्तापर्यंत. जस्त माऱ्याखाली टिकेना, म्हणून त्याच्याऐवजी पितळ घेतले. साहजिकच काचेवर तांबे आणि जस्त या दोघांच्याही रेषा आल्या. कोबाल्टच्या काचेवर निकेलच्या फिकट रेषा दिसल्या, म्हणजे नमुन्यात भेसळ होती. रसायनशास्त्रज्ञाला जी भेसळ काढायला महिने लागले असते, ती इथे पाच मिनिटांत उघडी पडत होती.

रेषांच्या वारंवारतेचे वर्गमूळ काढून त्याने एका ठरावीक संख्येने भागले. उत्तरे पाहा : क्रोमिअम २२.९८, मँगनीज २३.९९, लोखंड २४.९९, कोबाल्ट २६.००, निकेल २७.०४, तांबे २८.०१. प्रत्येकात एक मिळवला की आजचा अणुअंक. कोबाल्ट २७, निकेल २८. वजनाने जे सांगितले नव्हते ते क्ष-किरणांनी पूर्णांकांत सांगितले. ४३, ६१ आणि ७५ ही घरे रिकामी आहेत, हेही कळले. पुढे तिन्ही भरली. मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, सत्ताविसाव्या वर्षी. नोबेल मृत्यूनंतर देत नाहीत.

अणुअंकच का? केंद्रकात जितके प्रोटॉन तितके बाहेर इलेक्ट्रॉन, आणि रसायनशास्त्र म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा व्यवहार. कवच भरले की पुढचा इलेक्ट्रॉन नव्या कवचात जातो आणि जुने गुणधर्म पुन्हा दिसतात. म्हणून सारणीच्या ओळी २, ८, ८, १८, १८, ३२ अशा लांबीच्या. वजनाचा यात हात नाही. ते मागोमाग वाढते, कारण प्रोटॉन वाढले की केंद्रक टिकवायला न्यूट्रॉनही वाढवावे लागतात. मेंडेलीव्ह ज्याच्या मागे होता त्याची ही सावली होती, पुष्कळदा सरळ पडणारी.

तर मग या चार जोड्यांत ती वाकडी का पडते? इथे समस्थानिके येतात, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वजनांचे अणू. आपण त्यांनाही ‘त्रुटी’च्या यादीत टाकतो. त्यांची सगळ्यात चमत्कारिक साक्ष शिशाने दिली. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सला अणुभार अचूक मोजण्याबद्दल १९१४ चे नोबेल मिळाले. त्याच सुमारास तो युरेनिअमच्या खनिजांतले शिसे तोलत होता. साध्या शिशाचा अणुभार २०७.२, तर नॉर्वेच्या क्लीव्हाइटमधल्या शिशाचा २०६.०८. थोरिअमच्या खनिजातल्या शिशाचा हनिग्श्मिड या रसायनशास्त्रज्ञाने काढलेला आकडा २०७.९. नीट शुद्ध केलेले तीन नमुने, रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकसारखे, आणि वजने तीन. फ्रेडरिक सॉडीने नुकतीच समस्थानिकांची कल्पना मांडली होती. हा तिचा ढळढळीत पुरावा होता. पुढे १९१९ पासून ॲस्टनने आपल्या वस्तुमान-वर्णपटलेखकाने अणू वजनाप्रमाणे वेगळे करून दाखवले. क्लोरिनचे ३५.४५ म्हणजे ३५ आणि ३७ यांची सरासरी. जनगणनेत दर कुटुंबामागे मुले दोन पूर्णांक काहीतरी निघतात, तितकाच खरा हा ३५.४५ चा अणू.

म्हणजे प्रश्न सरासरीचा झाला. टेल्युरिअमच्या समस्थानिकांत १२८ आणि १३० यांचाच वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे. आयोडिन निसर्गात एकटे १२७. कोबाल्ट एकटे ५९. निकेलमध्ये अडुसष्ट टक्के ५८. कोणते केंद्रक टिकाऊ आणि ताऱ्यांच्या पोटात कोणते किती घडले, याचा तो हिशेब आहे, रसायनाचा नव्हे. (वस्तुमानाचा रसायनावर परिणाम होतच नाही, असे मात्र नाही. हायड्रोजनच्या बाबतीत दुप्पट फरक पडतो, म्हणून जड पाणी १०१.४ अंशांना उकळते. रायगड जिल्ह्यात थळला ते वेगळे काढण्याचा कारखाना आहे.)

आर्गॉनचे कारण याहून सरस आहे. पृथ्वीवरच्या आर्गॉनपैकी ९९.६ टक्के आर्गॉन-४० आहे. आणि तो आला कुठून? शेजारच्याच घरातून! पोटॅशिअमच्या दर दहा हजार अणूंत जेमतेम एक अणू पोटॅशिअम-४० असतो. त्याचे अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचे. त्यातले बहुतेक अणू फुटून कॅल्शिअम होतात, पण सुमारे अकरा टक्के अणूंचे केंद्रक स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळते आणि आर्गॉन होते. पृथ्वीच्या खडकांत साडेचारशे कोटी वर्षे हे चालले आहे आणि ज्वालामुखींतून, भेगांतून तो आर्गॉन हवेत येऊन साठला आहे. पृथ्वी घडताना जो मूळचा आर्गॉन होता, तो बहुतेक निसटून गेला. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशिअम असते. या सभागृहात बसलेल्या तशा प्रत्येकाच्या अंगात दर सेकंदाला चारशेच्या वर आर्गॉनचे अणू तयार होत आहेत.

सूर्यात आणि गुरूच्या वातावरणात गोष्ट वेगळी. तिथला आर्गॉन मूळचा आहे, मुख्यतः ३६ आणि थोडा ३८. सरासरी काढली तर ३६.३ च्या आसपास. म्हणजे क्लोरिनच्या पुढे, पोटॅशिअमच्या मागे, मेंडेलीव्हला हवा होता तिथेच. गुरूवरच्या वायूने रॅलीचा गोल भरला असता तर ती अडचण उद्भवलीच नसती. पोटॅशिअम आणि आर्गॉन यांच्या क्रमातला तो ‘दोष’ आपल्या ग्रहाच्या वयाचा आहे.

आणि त्या दोषावर आपण घड्याळ लावले आहे. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन उडून जातो. थिजला की पोटॅशिअम-४० पासून होणारा नवा आर्गॉन स्फटिकात अडकून राहतो. खडकात पोटॅशिअम किती आणि अडकलेला आर्गॉन किती हे मोजले की, खडक कधी थिजला ते कळते. महाबळेश्वरच्या कड्यांपासून मुंबईच्या टेकड्यांपर्यंत आपल्या पायाखाली जो काळा बेसाल्ट आहे, त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, हे याच पद्धतीने आणि तिच्या सुधारलेल्या आर्गॉन-आर्गॉन रूपाने प्रस्थापित होत गेले. काम किचकट आहे : आपल्या बेसाल्टमध्ये पोटॅशिअम फार कमी, त्यात पावसाने खडक कुजलेला असला तर आर्गॉन निसटलेला. मुंबईच्या आयआयटीत या मोजमापाची प्रयोगशाळा आहे.

चिठ्ठी आली आहे, म्हणून एकच गोष्ट सांगून थांबतो. अणुभाराचे माप पूर्वी ऑक्सिजनवरून ठरे, आणि गंमत म्हणजे रसायनशास्त्रज्ञांचा ऑक्सिजन वेगळा आणि भौतिकशास्त्रज्ञांचा वेगळा. एकाचा मिश्र समस्थानिकांचा, दुसऱ्याचा निव्वळ १६ चा. १९६१ पासून दोघांनीही कार्बन-१२ बरोबर १२ असे मान्य केले. पण एकक पक्के झाले तरी आकडे पक्के होईनात. २००९ साली आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने हायड्रोजनसह दहा मूलद्रव्यांना एक आकडा देणे थांबवून ‘या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत’ असा पल्ला दिला. आर्गॉनचा पल्ला आता ३९.७९२ ते ३९.९६३ असा आहे. शिशाचा २०६.१४ ते २०७.९४, रिचर्ड्स आणि हनिग्श्मिड यांचे नमुने जवळजवळ टोकाटोकांना. लिथिअमचा पल्ला ६.९३८ ते ६.९९७, आणि त्यात माणसाचाही हात लागलेला आहे. हायड्रोजन बॉम्बसाठी लिथिअम-६ काढून घेतले गेले आणि उरलेले जड लिथिअम बाजारात आले. त्यामुळे दुकानातून आणलेल्या लिथिअमच्या बाटलीवर तक्त्यातला ६.९४ छापलेला असला, तरी आतला अणू सरासरी ६.९९ चा निघू शकतो. अचूक काम करायचे असेल तर बाटली उघडून मोजावे लागते.